सोनं सोडून सूर्य नेणारा चोर

चोर मी नाना तऱ्हेचे पाहिले. कुलपाला हात न लावता आत शिरणारे पाहिले, चोरी झाल्यावर त्याच घरातल्या देवाला नमस्कार करून जाणारेही पाहिले. पण समोर पडलेलं सोनं सोडून चांदी उचलणारा चोर उभ्या नोकरीत एकदाच भेटला. ती घटना मनात आली की एवढ्या वर्षांनीही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो आणि घरातले एकमेकांना खुणा करतात की आता ह्यांची जीप सुरू झाली. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना पोलीस ठाण्याची पायरी पुन्हा दाखवायची माझी इच्छा नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. वर्दी नवी होती आणि अक्कल वर्दीपेक्षाही नवी. एका शनिवारी सकाळी ठाणे अंमलदारासमोर पार्ल्याचे एक तरुण गृहस्थ तावातावाने बोलत उभे होते. त्यांच्या वडिलांची अकरा जुनी नाणी घरातल्या कपाटातून गेली होती.

"कसली नाणी?" मी विचारलं.

"रोमन. चांदीची. प्रत्येकावर सूर्यदेव."

मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. पार्ल्यात रोमन नाणी आणि त्यावर सूर्यनारायण! पण त्यांचा चेहरा गंभीर होता. "घरात काम करणाऱ्या बाईशिवाय दुसरं कोणी येत नाही. तिनेच नेली. तुम्ही तिला उचला, दोन तासांत कबूल होईल," ते म्हणाले. मी फिर्याद लिहून घेतली आणि कलम घातलं तीनशे एक्याऐंशी. हे कलम नोकराने केलेल्या चोरीचं. म्हणजे तपासाला निघण्याआधीच मी चोर कोण ते कागदावर लिहून मोकळा झालो होतो, आणि हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

दोन पंच घेऊन घरी गेलो. फिर्यादीचे वडील खिडकीजवळ बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, काटकुळे गृहस्थ. डोळ्यांत काचबिंदू. उजव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं आणि डाव्याचाही भरवसा नव्हता. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कचेरीला सुट्टी असायची तेव्हा पेटी काढून नाणी बघायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता निवृत्तीनंतरही चालू होता. त्या सकाळी त्यांनी पेटी उघडली, पहिलं पाकीट उचललं आणि हाताला ते हलकं लागलं.

"साहेब, पाकीट हातात घेतल्याबरोबर कळलं. डोळ्यांची गरजच पडली नाही," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

पेटी बघून मात्र मी चक्रावलो. आत सागवानी कप्पे आणि कप्प्यांत लग्नपत्रिकांच्या कागदाची हाताने केलेली छोटी पाकिटं. प्रत्येकावर शाईने बारीक अक्षरात लिहिलेलं, नाणं कुठल्या बादशहाचं, वजन किती, कुठल्या सराफाकडे कधी मिळालं. अकरा पाकिटं रिकामी होती, पण ती फेकलेली नव्हती. पुन्हा नीट घडी घालून, होती त्याच क्रमाने लावून ठेवलेली होती. शेजारच्या कप्प्यात आणखी पाच नाणी जशीच्या तशी. कुणावर जहाज, कुणावर हत्ती. आणि त्यांत एक सोन्याचं! एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला शिंगं उगारलेला बैल. खिडकीतल्या उन्हात ते असं झळकलं की दोन्ही पंच पुढे वाकले.

"हे राहिलं कसं?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही," अण्णा म्हणाले.

मलाही कळलं नाही. पण कळत नसलं की विचार करावा, ही सवय तेव्हा नव्हती. मी हवालदार आणि महिला पोलीस घेऊन अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीमागच्या चाळीत गेलो आणि त्या बाईला भर दुपारी जीपमध्ये घातलं. कोकणातली, पन्नाशीची, विधवा. अण्णांच्या घरी वीस वर्षं कामाला. जीपभोवती सगळी चाळ गोळा झाली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "माझ्या हातान त्या घरातली वाटीसुद्धा कधी भायर गेली नाय, सायबा."

झडतीत काही मिळालं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत तिला सोडलं आणि रविवारी, सोमवारी सकाळी हजर राहायला सांगितलं. ती दोन्ही दिवस वेळेवर आली आणि ठाण्यातल्या बाकड्यावर बसून राहिली. तिच्या कामाची आणखी तीन घरं होती. पोलिसांनी नेली म्हटल्यावर तिन्ही घरांनी रविवारीच निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नकोस. हे तिनेच आमच्या महिला पोलिसाला सांगितलं. मी ऐकलं आणि पुढच्या कागदाकडे वळलो.

कारण रविवारी मला टीप मिळाली होती! जुन्या वस्तू विकणाऱ्यांत माझा एक खबऱ्या होता. तो हसत आला. "साहेब, मुलुंडला एक शेठ आहे, सूर्याच्या नाण्यांसाठी येडा झालाय. तुमच्या पार्ल्याच्या म्हाताऱ्याशी त्याचं वाजलं पण होतं. एक नाणं दोघांना पाहिजे होतं, म्हाताऱ्याने आधी उचललं."

मी टेबलावर हात आपटला. बस्स! हेच! सोनं का राहिलं ते एका क्षणात उलगडलं. चोर शौकीन होता, त्याला सोनं नकोच होतं, त्याला फक्त सूर्य हवे होते. हवालदाराला म्हटलं, "काढा जीप." तो म्हणाला, "साहेब, आज रविवार, जेवून निघू ना." मी जेवू दिलं नाही.

मुलुंडचे हे गृहस्थ औषधाच्या कारखान्यात रसायनं तपासणारे निघाले. ठाण्यात आणून खुर्चीत बसवलं आणि मी माझा ठेवणीतला आवाज काढला. "अण्णांच्या घरी शेवटचे कधी गेला होतात?"

त्यांनी माझ्या आवाजाची दखलच घेतली नाही. "गेली? सगळी अकरा? चाबूकवाला पण गेला?" ते ओरडले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"कसला चाबूकवाला?"

झालं! चौकशी माझी आणि तास त्यांचा. माझ्याच टेबलावरचा कागद ओढून त्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली. हा बघा सूर्य, डोक्याभोवती किरणं, उजवा हात वर. काही नाण्यांवर डाव्या हातात गोल, म्हणजे पृथ्वी. काहींवर चाबूक, रथाचे घोडे हाकायला. आपल्याकडे सात घोडे, त्यांच्याकडे चार. त्यांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागायची, मिरी आणि कापड न्यायची, चांदी टाकून जायची. ती चांदी इथल्या जमिनीत राहिली. "साहेब, ज्या हाताने कुणीतरी हे नाणं देऊन मिरी घेतली, त्या हातानंतर थेट आपला हात! विचार करा!"

मी विचार केला आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. हवालदार दाराशी उभा राहून ऐकत होता. बाकड्यावर बसलेली बाईसुद्धा मान लांब करून कागदाकडे बघत होती. अर्धा तास ठाण्यात चोरी हा शब्द कुणी उच्चारला नाही.

मग ते एकदम थांबले. "पाकिटं? अण्णांची पाकिटंही नेली का?"

"नाही. ती तिथेच आहेत. घडी घालून."

ते खुर्चीतून उठलेच. "मग तो आमच्यातला नाही! छे छे! अण्णांच्या पाकिटावर नाण्याचा सगळा जन्म लिहिलेला असतो. पाकीट नाही तर नाणं बिनबापाचं. आमच्यातला चोर एक वेळ नाणं विसरेल, पाकीट नाही विसरणार. शिवाय साहेब, मी असतो तर बैलही नेला असता."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे म्हटलं की मी हसू आवरू शकलो नाही. त्यांना चहा पाजून घरी सोडलं आणि कागद पुढे घेऊन बसलो. पैशासाठी चोरी करणारा सोनं सोडत नाही. छंदासाठी करणारा पाकिटं सोडत नाही. मग राहिला कोण? ज्याला ना पैसा हवा, ना संग्रह. ज्याला त्या नाण्यांवरचा फक्त देव हवा, असा माणूस.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो माणूस आपल्या पायांनी ठाण्यात आला.

नऊवारीतल्या एक वयस्कर बाई दारात उभ्या होत्या. हातात स्टीलचा डबा. मी ओळखलं, अण्णांच्या पत्नी. त्यांनी मला पाहिलं नाही. सरळ बाकड्याकडे गेल्या आणि डबा कामवालीच्या हातात ठेवत म्हणाल्या, "तुझा सोमवार ना आज? खिचडी आणलीय. दाण्याचं कूट जास्त घातलंय, तुला लागतं तसं."

फिर्यादीच्या घरून संशयिताला उपासाचा डबा! असं दृश्य मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे झालो, त्यांना आतल्या खोलीत नेलं, महिला पोलिसाला बसवलं आणि नाण्यांचं नावही न काढता विचारलं, "काकू, सूर्य कुठे आहेत?"

त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. "देवळात."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. अण्णांचे डोळे दोन वर्षांत झपाट्याने अधू झाले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. नात्यातल्या कुणा वडीलधाऱ्या बाईने काकूंना सांगितलं, सूर्य हा डोळ्यांचा देव. अकरा सूर्यनारायण तुम्ही पूजेविना पेटीत, अंधारात कोंडून ठेवलेत. मग घरच्या धन्याच्या डोळ्यांत अंधार नाही येणार तर काय? काकूंना झोप लागेना. रथसप्तमीला, सूर्याच्या दिवशी, त्यांनी पेटी उघडली. ज्यांच्यावर देव होता तेवढी नाणी रुमालात बांधली, पाकिटं पूर्वीसारखी घडी घालून ठेवली आणि अंधेरीच्या एका देवळात जाऊन नाणी दानपेटीत सोडली.

"सोन्याचं का नाही नेलं?"

"त्यावर बैल होता हो. बैलाचं काय करायचं?"

त्यांना त्या बैलात नंदी दिसला नाही, ही अण्णांवर महादेवाचीच कृपा म्हणायची.

"मुलगा शनिवारी परस्पर इथे आला. मी बाजारातून परतले तर घरात पोलीस आणि हे रडतायत. माझी वाचाच गेली. हिला तुम्ही नेलंय हे मला काल संध्याकाळी कळलं. कालच येणार होते, पण धीर झाला नाही. मला काय करायचं ते करा, पण हिला सोडा," काकू म्हणाल्या.

मी देवळाच्या विश्वस्तांना फोन लावला आणि ते काय म्हणाले ते ऐकून उभाच राहिलो. दानपेटी रविवारी उघडली होती. आलेली सगळी चांदी देवाच्या नव्या प्रभावळीसाठी दहिसरच्या एका कारागिराकडे आज, सोमवारी सकाळीच रवाना झाली होती. तो दुपारी भट्टी पेटवणार होता.

"हवालदार, जीप!"

हमरस्त्याने अशी जीप मी त्यापूर्वी कधी पळवली नव्हती. काकू मागे बसून सूर्याची बारा नावं पुटपुटत होत्या. गोरेगाव मागे पडलं आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "पाणी संपलं, साहेब." हवालदार म्हणाला, "वाट लागली!" रस्त्यात उभा राहून मी एक रिक्षा अडवली. आतलं गिऱ्हाईक वर्दी बघून स्वतःच उतरलं. मागे काकू, मी आणि महिला पोलीस, पुढे रिक्षावाल्याच्या मांडीला मांडी लावून हवालदार. रिक्षावाल्याला सांगितलं, नियम आज मोडलेस तरी चालेल. त्या पोराने आयुष्यभराची हौस भागवून घेतली.

कारागिराचा पत्ता चेक नाक्याच्या अलीकडे, नदीकाठच्या एका गल्लीत होता. शेवटचा रस्ता धावत गेलो. दारातच गरम वाफ तोंडावर आली. आत भाता चालू होता, निखारे फुललेले, आणि म्हातारा कारागीर सांडशीने मूस उचलत होता. मुशीत चांदी पाण्यासारखी हलत होती.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की त्याच्या हातातली सांडशी हलली.

त्याने शांतपणे मूस खाली ठेवली. "ओरडू नका साहेब, अंगावर सांडलं असतं. काय पाहिजे?"

"जुनी नाणी. त्यावर देव असलेली."

त्याने हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. पाटावर लाल फडकं, त्यावर चांदीचे दोन टाक, एक मोडका मुखवटा, आणि शेजारी नाणी. मी पाटाशी वाकलो. किरणं! वर केलेला हात! चाबूकवाला! मुलुंडच्या गृहस्थांनी कागदावर काढलेली सगळी मंडळी तिथे हजर होती.

"आमच्या वडिलांची पद्धत आहे," कारागीर म्हणाला. "मोडीत कुठलाही देव निघाला की तो बाजूला ठेवायचा, जोडवी, वाट्या, पैंजण आधी वितळवायचे. देव शेवटी. आणि आधी त्यांची माफी मागायची. ती मागायची राहिली होती, म्हणून ते बसलेत."

मी मोजली. नऊ. पुन्हा मोजली, पुन्हा नऊ. दोन नाणी इतकी झिजलेली होती की त्यांच्यावरचा देव त्याला दिसलाच नव्हता. ती साध्या चांदीबरोबर मुशीत गेली होती. काकू भिंतीला टेकून रडायला लागल्या. मी शेजारचे दोन पंच बोलावले, पंचनामा केला, नऊ नाणी मोहोरबंद केली.

चारच्या सुमाराला आम्ही ठाण्यात परतलो आणि अण्णांना ओळख पटवण्यासाठी बोलावून घेतलं. मुलाचा हात धरून ते आत आले तेव्हा बाकड्यावरची बाई उठून उभी राहिली. "अण्णा, गावली?" तिने विचारलं. तिच्या आवाजात निखळ आनंद होता. मुलाने मान खाली घातली.

अण्णांनी नाणी डोळ्यांजवळ नेलीच नाहीत. एकेक अंगठ्याखाली घेऊन फिरवलं आणि एकेकाची ओळख अचूक सांगितली. मुलाने घरून आणलेल्या पाकिटांवरचं वाचून हवालदार ताळा घेत होता. नऊच्या नऊ बरोबर. मग मी सगळी हकीगत सांगितली. काकू खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

अण्णांनी हातातलं नाणं टेबलावर ठेवलं आणि काकूंच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "अगं, डोळे जाणार हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून तर दर महिन्याला एकेक नाणं चाळवत होतो. पुढे दिसेनासं झालं तरी बोटांनी बघता यावीत म्हणून. मला सांगायचंस गं. आपण दोघं मिळून काहीतरी केलं असतं." काकूंनी हुंदका दिला, आणि आम्ही सगळे उगाचच टेबलावरचे कागद नीट करायला लागलो.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'सी' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल कोर्टात पाठवायचं ठरलं. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. मी जाम खूश होतो. बाहेर येऊन बाकड्यावरच्या बाईला म्हटलं, "मावशी, सुटलात तुम्ही. जा घरी."

ती उठली नाही.

"जाव कशी?" ती म्हणाली. "शनवारी जीप घेवन इलात तेव्हा आख्खी चाळ बघीत होती. आता माका एकटीक धाडतास? लोक म्हणतले, पोलिसांनी सोडल्यानी. चोर नाय, असा कोण म्हणतलो?"

कलम तीनशे एक्याऐंशी मीच लिहिलं होतं.

"मग काय करू?"

"उद्या सकाळी नळाक पाणी येता. सगळी बायलमाणसां थंय असतत. त्याच जीपमधून माका घेवन जावा, टोपी घालून, आणि सगळ्यांसमोर सांगा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. फौजदाराने नळावर जाऊन माफी मागायची, असं कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. पण ती बाई दोन दिवस माझ्यासमोर बसून होती आणि मी तिला एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मी हो म्हटलं.

ती रात्रीपुरती भांडुपला बहिणीकडे गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिला तिथून घेतलं. काकू आपण होऊन जीपमध्ये तिच्याशेजारी येऊन बसल्या. चाळीच्या नळावर तीसेक बायका होत्या, कळशा, हंडे, भांडणं, सगळं जोरात. जीप दिसताच सगळं चिडीचूप झालं. मी उतरलो, टोपी सारखी केली. पुढे कोर्टात मोठमोठ्या वकिलांसमोर साक्षी दिल्या, पण तिथे पहिलं वाक्य मी जवळजवळ पुटपुटलोच.

"ह्या बाईंनी चोरी केलेली नाही," मी म्हणालो. "चूक माझी झाली."

"साहेब, मोठ्यानं बोला. मागं ऐकू येत नाही," रांगेच्या टोकाहून एक म्हातारी ओरडली.

मी मोठ्याने बोललो. तरी तिचं समाधान झालं नाही. तिसऱ्यांदा बोललो ते पार गॅलऱ्यांपर्यंत गेलं. माणसं दात घासता घासता थांबली. काकू पुढे होऊन म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हे. आमच्या घरची आहे ती." आमची मावशी जीपमधून उतरली, कुणाकडेही न बघता घरात गेली, कळशी घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईने सरकून तिला आपल्या पुढे घेतलं.

तपासाच्या अनेक युक्त्या पुढे मी नव्या मुलांना शिकवल्या. नेलं काय यापेक्षा मागे ठेवलं काय ते बघा, हे त्यातलंच एक. ऐकायला छान वाटतं, मुलं वहीत लिहून घेतात. पण त्या प्रकरणाने मला खरं शिकवलं ते नळावर. पोलीस माणसाला नेतो चार लोकांदेखत, आणि सोडतो गुपचूप, मागच्या दाराने. कागदावर तो निर्दोष असतो, गल्लीत नसतो. त्यानंतर चुकून नेलेल्या प्रत्येक माणसाला मी स्वतः, वर्दीत, त्याच्या दारापर्यंत पोचवायला गेलो. वरिष्ठ विचारायचे, एवढी काय गरज आहे? मी त्यांना एवढंच म्हणायचो, साहेब, मागे उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं पाहिजे.